न झिजलेली वडी

"साबण विरघळत नाही वहिनी, तुम्ही विरघळवता," असं मी प्रभावतीवहिनींना सुनावत होते, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि भूपालदादा आत आला.

वहिनी आमच्या शेजारच्या. माझ्याकडून नेलेल्या साबणाचा आठवड्यात झालेला लगदा स्टीलच्या वाटीत घालून पुराव्यादाखल घेऊन आल्या होत्या. मी तेव्हा जयसिंगपुरात घरच्या घरी साबण करून विकत असे. खोबरेल, एरंडेल, थोडं कडुलिंबाचं तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी. घोटायचं, साच्यात ओतायचं, घट्ट झालं की वड्या कापायच्या, प्रत्येक वडीवर लाकडी ठशानं कमळाचं फूल उमटवायचं आणि मागच्या पडवीत फळ्यांवर महिना-दीड महिना वाळू द्यायच्या. कष्टांचं मला काही वाटत नसे. पण 'तुमचा साबण टिकत नाही' एवढं कुणी म्हटलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबत.

"ठेवता कुठं?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? नळाखाली खाच आहे, तिथं."

"म्हणजे दिवसभर त्याच्या डोक्यावर अभिषेक! अहो, हा हवेतलं पाणीसुद्धा ओढून घेतो. वडी सुरीनं मधोमध कापा. अर्धी वापरा, अर्धी कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. अंगाला थेट चोळू नका, दोडक्याच्या जाळीला लावा. आणि अंघोळ झाली की खालून वारा लागेल अशा जागी उभा करून ठेवा."

"एवढं करायचं तर साबणालाच पाटावर बसवून ओवाळते की," वहिनी म्हणाल्या.

भूपालदादा हसला. तो माझा मावसभाऊ, चंपामावशीचा एकुलता एक मुलगा. पन्नाशी ओलांडलेला, लग्न न केलेला, घड्याळं दुरुस्त करणारा. हात इतका नेटका की त्यानं केळं सोललं तरी साल बघत राहावी. दिवाळीच्या आधी मावशी न्हाणीत पाय घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. वय बघून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं आणि ती अंथरुणाला खिळली. तेव्हापासून दादानं दुकानाला कुलूप घातलं होतं. बाई नाही, नर्स नाही, आईचं सगळं हा एकटा करतो, असं त्यांच्या आठव्या गल्लीतला जो तो सांगे. सुनांना त्याचे दाखले दिले जात. देवळात गेला तर म्हातारी माणसं उठून त्याला जागा देत.

त्यानं पिशवीतून सागवानाच्या पट्ट्यांची एक छोटी बैठक काढून माझ्यापुढं ठेवली. पट्ट्यांमध्ये फट, खाली चार बुटके पाय, एकही खिळा नाही. तिच्यावर साबणाची एक वडी होती.

"सवड मिळाली तशी केली," तो म्हणाला. "म्हटलं, तुझ्या साबणाबरोबर विकायला बरी पडतील. आणि ही वडी तूच संक्रांतीला दिलेली बघ, आईसाठी. वारा लागेल अशी ठेव म्हणालीस, तशीच ठेवली. टिकली का नाही?"

"अगंबाई, नवीच दिसती की!" वहिनींनी मान पुढं केली. "रोज अंघोळ घालून?"

"रोज. पाणी तापवून."

मी फुगले, खोटं कशाला सांगू? "बघा, हाताच्या काकणाला आरसा कशाला?" असं वहिनींना म्हणत मी ती वडी उचलली आणि तिच्यावरून बोट फिरवलं.

कमळाचं फूल जसंच्या तसं होतं. पाकळ्यांच्या रेघासुद्धा बोटाला लागत होत्या. ते फूल मीच उमटवते, म्हणून मला ठाऊक आहे. एका माणसानं नीट अंग धुतलं की चार-पाच अंघोळींत ते पुसलं जातं, मग वडी कुठंही ठेवा. वडी उलटी केली. खालच्या बाजूला मधोमध तेवढा एक उथळ खळगा होता. त्या एकाच जागी कुणीतरी ओलं फडकं पुन्हापुन्हा घासलं असावं. कडा चारही बाजूंनी टोकदार. संक्रांत होऊन गेली होती, होळी होऊन गेली होती, पाडवा तोंडावर आला होता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"काही नाही. छान राहिलीय."

"टिकली ना पण?" त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. तो वडीकडं नाही, माझ्याकडं बघत होता.

"टिकली."

"बैठक ठेव तुझ्याकडं. वडी दे. आईची आहे." त्यानं हात पुढं केला. त्याच्या शर्टाला उदबत्तीचा वास येत होता आणि त्या वासाखाली दुसरा कसला तरी, फिनेलसारखा. वडी पिशवीत घालून तो निघून गेला. वहिनी माझ्याकडून दोन नव्या वड्या घेऊन गेल्या.

मी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. मनाची समजूत घालून पाहिली. दुसरा साबण वापरत असेल. आजाऱ्याला कशाला एवढा साबण लागतो? मी मधून मधून मावशीला भेटून येत होते. ती गळ्यापर्यंत गोधडी ओढून पडलेली असे, चेहरा स्वच्छ, केस विंचरून वेणी घातलेली, उशाशी उदबत्तीचा धूर. "बरी हाय गं, तू कशाला उन्हाची येतीस?" एवढंच म्हणे. मी खुर्चीवर बसायचे आणि दादा दारात उभा राहायचा. पलंगाजवळ जायची वेळ त्यानं कधी येऊच दिली नव्हती, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा उमगलं. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात. पण भात असा निघावा असं मला मुळीच वाटत नव्हतं. मला भीती वाटत होती, तीही स्वतःच्याच मावशीच्या घरी जाण्याची.

डब्यात आंबील भरली आणि निघाले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. उन्हानं सगळ्यांच्या दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या, मावशीच्या तेवढ्या बंद. कडी वाजवली. दादानं दार हातभर उघडलं.

"झोपलीय," तो म्हणाला.

"झोपू दे. तांब्याभर पाणी तर देशील? आणि पाय धुते जरा, फुफाटा बसलाय."

घरच्या बाईला पाय धुवायला नको कसं म्हणणार? तो बाजूला झाला. मी न्हाणीत गेले आणि दार लोटून घेतलं.

नळापाशी फरशी ओली होती. तिथं दादाचा लाल साबण होता, झिजून पातळ झालेला, बुळबुळीत. पलीकडच्या कोपऱ्यात फरशी कोरडी खडखडीत होती. त्या कोपऱ्यात मावशीसाठी आणलेली खुर्ची ठेवली होती, आजाऱ्याला बसवून अंघोळ घालायची, मधे भोक असलेली. दिवाळीत ती आणायला मीच दादाबरोबर दुकानात गेले होते. तिच्या पायांवरचं दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं, चिकटपट्टीसुद्धा सुटलेली नव्हती. वरच्या फळीवर सागवानाची आणखी एक बैठक आणि तिच्यावर मघाची वडी. तिच्याखाली एक थेंब पाणी नव्हतं.

मी बाहेर आले तर दादा मावशीच्या खोलीच्या दारात उभा होता. हातात पाण्याचा तांब्या होता, तो त्यानं मला दिला नाही.

"दादा, खुर्चीचं प्लास्टिक निघालेलं नाही."

त्यानं मागचं दार थोडं ओढून घेतलं.

"तू तिला अंघोळ घालत नाहीस."

"हळू बोल. ऐकेल ती."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं, ना राग, ना लाज. "दवाखान्यातून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाणी तापवलं, खुर्ची मांडली. तिला उचलायला गेलो. लुगड्याला हात लागला तर तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, मी तुला जन्म दिला. तू मला उघडी बघितलीस तर त्या दिवसापासून अन्न सोडीन. स्वतःच्या गळ्याची शपथ घातली मला."

"मग बाई ठेवायची!"

"बाईसुद्धा नको म्हणाली. बाई गल्लीभर सांगत सुटेल, चंपाबाई अंथरुणात घाण करते म्हणून. कुणाला सांगायचं नाही, हीसुद्धा शपथच."

"मला तर सांगायचंस!"

"तुझं तर नावच घेऊन म्हणाली. कांचनच्या तोंडात तीळ भिजत नाही."

हे खोटं नव्हतं. मला ते लागलं, पण भांडायची ती वेळ नव्हती.

"मी फडकं ओलं करतो, साबणावर घासतो, तिच्या हातात देतो आणि पाठ करून उभा राहतो," तो सांगू लागला. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "ती गोधडीखालून पुसून घेते. कपडे ठेवतो, ते तिचे तीच बदलते, जमतील तसे. चादर मी एका बाजूनं ओढतो, ती दुसऱ्या बाजूनं सरकते. मी कधी बघितलं नाही, कांचन. एकदाही नाही. हात पोचतो तिथवर ती सगळं करते."

"आणि हात पोचत नाही तिथं?"

त्यानं तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"लोक म्हणायला लागले, भूपाल आईला फुलासारखी ठेवतो. मी नाही म्हणायचो, तर ते जास्तच म्हणायचे. मग मी हो म्हणायला लागलो."

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. त्या मुठीत एक जितं माणूस होतं, हे गल्लीत कुणाला माहीत असणार? माझ्या जिवाचा संताप झाला. त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं आणि त्याच क्षणी त्याला जवळ घेऊन रडावं असंही वाटलं.

आतून आवाज आला. "भूपाल्या, कोन हाय रं?"

"सरक दादा."

"तिनं अन्न सोडलं तर?"

"सरक म्हणते ना!"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग अगदी हळू, एकेक शब्द तोलून म्हणाला, "शपथ मला घातलीय. तुला नाही." आणि दारातून बाजूला झाला.

मी आत गेले आणि कडी लावून घेतली. उदबत्त्यांच्या धुरानं डोळे चुरचुरले. लांबून कधी कळला नव्हता तो वास पलंगाजवळ गेल्यावर आला. मावशीनं मला बघितलं आणि दोन्ही मुठींनी गोधडी आवळून धरली.

"कांचे, लांब हो. खुर्चीवर बस तिकडं."

"बसत नाही. मी तुला न्हाऊ घालायला आलीय."

"म्या न्हालीय सकाळी. भूपाल्याला इचार."

"विचारलं."

तिचा चेहरा उतरला. बाई एवढी कडक की तिच्या सासऱ्याच्या वयाची माणसंसुद्धा तिच्यापुढं आवाज चढवत नसत. ती माझ्याकडं बघायचं टाळत भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "त्यानं सांगितलं व्हय तुला?"

"त्यानं नाही. मीच ओळखलं. आणि हे बघ मावशी, आई मला घेऊन तुझ्याकडं राहायला यायची तेव्हा तूच मला दगडावर बसवून घासायचीस ना? मी नागडी पळायचे तर गल्लीभर मागं धावायचीस. तेव्हा मी घातली होती का शपथ? मग आता फिटंफाट होऊ दे."

ती हसली नाही, पण मुठी सैल झाल्या.

"कडी लावलीस न्हवं?"

"लावलीय."

"भूपाल्या खिडकीत न्हाई न्हवं?"

"खिडकी बंद आहे."

"मंग बघ," ती म्हणाली. "पर कुनाला सांगू नगंस."

मी गोधडी काढली. समोरून ती स्वच्छ होती. हात, गळा, छाती, मांड्या, जिथं जिथं हात पोचला तिथं तिथं तिनं स्वतःला घासून ठेवलं होतं. मग मी तिला कुशीवर वळवू लागले तर खालचं लुगडं तिच्याबरोबर वळलं. सुटेना. कोमट पाण्यानं भिजवून भिजवून ते सोडवलं तेव्हा कमरेच्या खाली जे दिसलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. तिनं सांगू नको म्हटलं होतं. एवढंच सांगते की तिथं माझी मूठ बसली असती.

"लई दुखतंय का गं?" मी विचारलं.

"आता न्हाई दुखत. आदी दुखायचं. महिना झाला आसंल, कायबी लागत न्हाई तितं." ती बऱ्याच समाधानानं म्हणाली. "बरं व्हायला लागलंय वाटतं."

मला त्या क्षणी कळलं की मावशी वाचत नाही. कॉस्टिकनं माझे हात पुष्कळदा भाजले आहेत. जोवर आग होते तोवर काळजी नसते, एवढं मलाही ठाऊक होतं.

मी दाराला फट करून गरम पाणी मागितलं. दादानं बादली आत सरकवली. मान उलट्या बाजूला वळवलेली, शिवाय डोळे गच्च मिटलेले. त्यानं बादली बरोबर उंबऱ्यावर ठेवली, एक थेंब सांडला नाही. जखम सोडून बाकीच्या अंगावर मी पाणी घातलं. मानेवर, खांद्यांवर, पाठीच्या वरच्या भागावर. मावशीच्या तोंडातून लहान मुलासारखा आवाज निघाला. "किती दिसांनी गं," ती म्हणाली, "किती दिसांनी पाठीला पानी लागलं!" आणि ती रडू लागली. मीही रडले.

संध्याकाळच्या आत तिला दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांनी जखम पाहिली, दादाला काही विचारलं नाही, मला बाजूला घेऊन विष रक्तात गेल्याचं सांगितलं. तिथं दोन वॉर्डबॉय तिला उचलत, कुशीवर करत, कपडे बदलत. त्यांना ती काही म्हणाली नाही. दादा खोलीत आला की मात्र पांघरूण गळ्याशी ओढे.

बाहेरच्या बाकावर मी त्याला एकदाच विचारलं, "त्या दिवशी वडी घेऊन का आलास माझ्याकडं? बैठक तर रिकामीही दाखवता आली असती."

तो म्हणाला, "सांगायचं नव्हतं ना मला. दाखवायचं नाही, असं ती म्हणाली नव्हती."

पाडव्याला गल्लीत गुढ्या उभ्या राहिल्या तेव्हा मावशी शुद्धीवर नव्हती. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. आम्ही तिला घरी आणलं.

अंगणात पाट मांडला. गल्लीतल्या बायकांनी दोन लुगड्यांचा आडोसा धरला. पाणी तापवून आणलं. प्रभावतीवहिनींनी तांब्या भरला आणि म्हणाल्या, "पहिला तांब्या लेकानं घालायचा. बोलवा भूपालला."

भूपालदादा आडोशाच्या पलीकडं होता, अंगणाच्या भिंतीकडं तोंड करून उभा. लोक त्याला धीर देत होते. एक म्हातारे गृहस्थ त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते की अशी सेवा आजकाल कुणाच्या नशिबी येत नाही. तो नुसती मान हलवत होता. मी त्याच्याजवळ गेले.

"दादा, चल. पाणी घाल."

तो हलला नाही.

"अंगावर लुगडं आहे रे. सगळ्या बायका आहेत. आणि आता कसली शपथ? ती गेली."

त्यानं भिंतीवरची नजर काढली नाही. घड्याळाचं बारीक चाक बसवताना त्याचा हात असायचा, तितकाच आताही स्थिर होता.

"तिला विचार आधी," तो म्हणाला. "ती हो म्हणाली तर येतो."

मी आडोशाच्या आत परत गेले. वहिनी तांब्या घेऊन तशाच थांबल्या होत्या. "काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं. मी पाटापाशी खाली बसले, मावशीच्या कानाशी तोंड नेलं आणि तिला खरंच विचारलं.